गुळाचे खडे आणि सहा गाड्या : आठवी ‘ब’च्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर आठवी ‘ब’ला थांबवून घेतलं आणि खोकी उघडली. सहा आर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारे तळहाताएवढे संगणक), चाकं फिरवणाऱ्या बारा पिवळ्या बीओ मोटारी, बोर्डच्या हुकमावरून मोटारींना वीज देणारे सहा मोटर ड्रायव्हर, काळं-पांढरं ओळखणारे आयआर (अवरक्त किरणांचे) सेन्सर, जंपर वायरींचे गठ्ठे. सगळं माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने दिलेल्या पैशांतून आलंय. मुलं ३४, संच ६, एका संचात एक छोटी गाडी.

खोकी उघडण्याआधी विचारलं, एआय म्हणजे काय? ‘मोबाइलला विचारलं की निबंध लिहून देतंय.’ ‘फोटोतला चेहरा बदलतंय.’ ‘सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार म्हणं.’ उत्तरं भराभर आली. पण ते कुणीतरी शिकवलेलं असतं, असं एकानंही म्हटलं नाही. पाऊस जसा येतो तसं एआय आलंय, अशी काहीतरी मुलांची समजूत आहे.

म्हणून या नोंदी ठेवते आहे. फेब्रुवारीपर्यंत या ३४ जणांनी एक तरी यंत्र स्वतःच्या हातानं शिकवलेलं असावं, आणि ते कुठं चुकतं हे स्वतः शोधलेलं असावं. गेल्या वर्षी प्रोजेक्टरवर प्रात्यक्षिकं दाखवली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आठवड्यानं विचारलं तर कुणालाच काही सांगता आलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीच्या सांगाड्यासाठी ॲक्रिलिकचे तयार तुकडे महाग पडत होते. एका मुलाचे वडील इथं कोल्हापुरात उद्यमनगरात मशिन शॉपमध्ये आहेत. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे सहा तुकडे कापून, भोकं पाडून, कडा घासून दिले. पैसे घेतले नाहीत. द्यायला स्वतः शाळेत आले आणि बराच वेळ मुलांचं काम बघत उभे राहिले.

त्यांनी विचारलं, ‘मॅडम, आमच्या सीएनसीला प्रोग्रॅम देतो तसंच ना हे?’ सीएनसी म्हणजे दिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणं धातू कापणारं मशिन. सध्या तरी अगदी तसंच, असं मी सांगितलं. मग म्हणाले, ‘टूल झिजलं की मशिनच्या आवाजावरनं मला कळतंय. मशिनला कळत न्हाई.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पुढं लागणार आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एकही गाडी धड चालली नाही. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेतल्या, ही माझी चूक. मोटार सुरू होताना जो करंट ओढते, तो त्या बॅटरीला देता येत नाही. व्होल्टेज बसतं, बोर्ड रीसेट होतो, आणि गाडी गचके देत जागीच थांबते. मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, ते वेगळंच. पुढच्या वेळी १८६५० चे (पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे) दोन दोन सेल जोडायचे. एकाचे ३.७ व्होल्ट, दोघांचे मिळून ७.४.

तिसऱ्या गटाची गाडी जागच्या जागी गरगरत होती. एका मोटारीच्या वायरी उलट्या होत्या. मी बोट ठेवून दाखवलं नाही, वीस मिनिटं थांबले. ‘दोन्ही चाकं एकमेकांच्या विरुद्ध फिरायला लागलीत’ असं एकीला दिसलं आणि तिनंच वायरी बदलल्या. पाचव्या गटाची गाडी मनाला येईल तशी वागत होती. तिथं बॅटरीचा आणि बोर्डचा ग्राउंड (उणे बाजूची वायर) जोडलेलाच नव्हता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन सेल आले, सहाही गाड्या चालल्या. आता रेषेवरून चालवायच्या. आमच्या वर्गाची फरशी शहाबादी, गडद रंगाची. आयआर सेन्सरमधून निघालेले किरण पांढऱ्यावरून परत येतात, काळ्यात शोषले जातात. इथं सगळी जमीनच काळी, मग सेन्सरला रेघ दिसणार कशी? मुलांनी वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स आणला. तो उलटा अंथरला आणि पांढऱ्या बाजूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. सेन्सरवरचा निळा स्क्रू किती फिरवायचा हे जमायला तास गेला, पण तासाअखेर चार गाड्या पूर्ण फेरी मारून आल्या. शेजारचा वर्ग खिडकीत गोळा झाला होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा तास डोळ्यांसमोरून जात नाही.

मी विचारलं, रेषेवरून चालणारी ही गाडी हुशार आहे का? बहुतेकांचे हात वर गेले. मग फळ्यावर तिचा सगळा प्रोग्रॅम लिहिला. डाव्या सेन्सरला काळं दिसलं तर डावीकडं वळ, उजव्याला दिसलं तर उजवीकडं, कुणालाच दिसलं नाही तर सरळ. तीन ओळी, आणि तिन्ही आपणच लिहिलेल्या. काही हात खाली आले.

तेवढ्यात कुंभार गल्लीतली मुलगी उठली. ‘मॅडम, मग राधानगरीचे दरवाजे? पाणी वर आलं की ते बी आपोआप उघडतात. ते एआय का?’

माझ्या तयारीत नव्हतं, पण यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. भोगावतीवरचं राधानगरी धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला गेलं की पाण्याच्याच जोरानं दरवाजा उघडतो, पातळी उतरली की बसतो. वीज नाही, सेन्सर नाही, संगणक नाही. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि पावसाळ्यात हा आकडा आमच्याकडं शेंबड्या पोराच्याही तोंडी असतो. अर्धा तास भांडण चाललं. दरवाजा ‘ओळखतो’ म्हणायचं का? पाणी किती हे त्याला ‘कळतं’ का? शेवटी एका गटानं मांडलं ते असं: पातळी माणसानं ठरवली आणि ती लोखंडात घडवली. दरवाजाला कधी उघडायचं ते माहीत आहे, पण गेल्या वर्षीच्या पुरावरून तो काही शिकत नाही.

मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा विषय निघाला. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हेही माणसांनी ठरवलेले आकडे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही मुलं पहिली-दुसरीत होती. माळ्यावर नेलेली भांडी, होडीतून काढलेली आजी, सगळं निघालं. मी तास थांबवला आणि बोलू दिलं.

फळ्यावर शेवटी दोनच रकाने उरले: ‘नियम आपण लिहिला’ आणि ‘नियम यंत्रानं उदाहरणांवरून काढला’. गाडी, दरवाजा, सीएनसी, बंधाऱ्याची पातळी सगळे पहिल्या रकान्यात. दुसरा रकाना रिकामा. तो फळ्यावर तसाच ठेवायला सांगितलाय, पुसायचा नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सहापैकी पाच गटांत पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्या हातात, वही मुलींच्या हातात. कुणी ठरवून केलेलं नाही, पण असंच होतं, आणि हे मला मान्य नाही. आजपासून दर अर्ध्या तासानं कामं बदलायची. घंटा वाजली की ज्याच्या हातात सोल्डरिंगची बंदूक, त्यानं ती शेजारच्याला द्यायची. एकीनं पहिलं सोल्डरिंग केलं आणि ओरडली, ‘मॅडम, मी केलो!’ आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा रकाना भरायचा दिवस. आज बोर्ड नाही, बॅटरी नाही, संगणक नाही. चोवीस रिकाम्या काडेपेट्या आणि महाद्वार रोडवरून आणलेले रंगीत मणी.

कल्पना जुनी आहे. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये डोनाल्ड मिची यांनी ३०४ काडेपेट्या घेऊन फुली-गोळा शिकणारं यंत्र केलं. त्यावरून मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये २४ काडेपेट्यांत बसेल असा छोटा खेळ काढला. तीन बाय तीनचा पट, दोन्हीकडं तीन तीन प्यादी. प्यादं समोर रिकामं असेल तर एक घर पुढं जातं, तिरकं मारतं. पलीकडं पोचलं, किंवा समोरच्याची सगळी प्यादी मेली, किंवा त्याला चालच उरली नाही, की जिंकलं.

माणूस आधी खेळतो, काडेपेट्या नंतर. पटाची जी स्थिती येईल तिचं चित्र असलेली पेटी उघडायची, डोळे मिटून मणी काढायचा, मण्याच्या रंगाची चाल खेळायची. यंत्र हरलं की त्यानं खेळलेल्या शेवटच्या चालीचा मणी काढून टाकायचा. एवढीच शिक्षा.

पहिल्या दहा डावांत काडेपेट्या सात हरल्या. पोरं खूश. पुढच्या दहांत चार. तिसऱ्या दहांत एक. मग वर्गात शांतता पसरली. त्यानंतर घंटा होईपर्यंत एकालाही काडेपेट्यांना हरवता आलं नाही.

‘मॅडम, ह्यांना कोण सांगतंय?’ मागच्या बाकावरचा मुलगा. वर्गात सहसा बोलत नाही तो. त्यालाच पुढं बोलावलं, पेट्या उघडायला लावल्या. एकेक पेटी बघत गेला. काहींत तीन मणी होते त्याजागी एकच राहिलाय. एक पेटी पूर्ण रिकामी. बराच वेळ हातात धरून म्हणाला, ‘ही पेटी आली की हरणारच, म्हणून ह्यात काय ठेवलंच न्हाई.’

चाल कुणी सांगितली नाही. हरलेले डाव पेट्यांत साठत गेले, आणि जे उरलं ते शिकणं. हा खेळ असा आहे की दुसऱ्यानं बरोबर खेळलं तर तोच जिंकतो. पण ते पेट्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आमच्याकडून बारा डाव हरून ते मिळवलं.

दुसऱ्या रकान्यात त्या मुलानंच जाऊन लिहिलं: काडेपेट्या.

२ डिसेंबर, मंगळवार

मुलांनी घरी पेट्या करून खेळायला सुरुवात केलीय. एकानं उलटं केलं, जिंकल्यावर मणी काढला. यंत्र दिवसेंदिवस वाईट खेळायला लागलं. त्यानं ते मुद्दाम केलं होतं, बघायला. हे वर्गात सगळ्यांसमोर करून दाखवायला सांगितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आता शिकणारं यंत्र बोर्डवर करायचं. काय ओळखायला शिकवायचं, हे मुलांनी ठरवायचं होतं. चप्पल, मिसळीचा कट, उसाची पानं असं बरंच सुचलं. मतदान घेतलं. गूळ जिंकला. हंगाम आहे, पन्हाळा रोडवरून येताना गुऱ्हाळाचा वास येतो, आणि वर्गातल्या तिघांच्या घरी गुऱ्हाळघर आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे एकानं सामान्य ज्ञानाच्या वहीतून वाचून दाखवलं.

ठरलं ते असं: रंग ओळखणारा टीसीएस३२०० सेन्सर, तीन बटणं, एक छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी). गुळाचा खडा सेन्सरखाली ठेवायचा आणि आपण बटण दाबून सांगायचं, हा कुठला. असे साठ खडे दाखवायचे. मग नवीन खडा ठेवला की यंत्रानं सर्व्होनं तो योग्य वाटीत ढकलायचा. बटणांवर मुलांनी चिठ्ठ्या लावल्या: चांगला, मध्यम, हलका. मी त्यावर आज काही बोलले नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

या सेन्सरवर प्रकाश टिपणारे ६४ बारीक ठिपके आहेत, आठ बाय आठ. त्यातले १६ लाल गाळणीचे, १६ हिरव्या, १६ निळ्या, १६ बिनगाळणीचे. प्रकाश जास्त तेवढी सेन्सरची स्पंदनं जलद. आपण एका स्पंदाचा वेळ मोजतो, त्यामुळं उजळ खड्याला आकडा लहान आणि काळ्या खड्याला मोठा येतो. पोरं तासभर गोंधळली. ‘काळा म्हणजे कमी पायजे की ओ!’ शेवटी एका गटानं पांढरा खडू आणि कोळसा ठेवून पाहिला आणि प्रश्न मिटला.

दुसरी अडचण मोठी. खिडकीजवळच्या गटाचे आकडे आणि भिंतीकडच्या गटाचे आकडे जुळेनात. तोच खडा, दोन ठिकाणी दोन रंग. ढग आला की पुन्हा बदल. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले, आतून काळा रंग दिला, वर सेन्सर बसवला. आता सेन्सरवरच्या चार एलईडींचाच उजेड, आणि खड्यापासूनचं अंतर सगळीकडं सारखं.

१६ डिसेंबर, मंगळवार

यंत्र कसं शिकतं ते आधी आलेख-कागदावर केलं. आडवा अक्ष लाल, उभा अक्ष निळा. प्रत्येक खडा म्हणजे एक ठिपका, चिठ्ठीप्रमाणं रंगवलेला. नवीन खड्याचा ठिपका काढायचा, पट्टीनं सगळ्यांत जवळचे तीन ठिपके शोधायचे, तिघांत बहुमत कुणाचं ते बघायचं. झालं. गल्लीत नवीन माणूस आला की शेजारीपाजारी बघून अंदाज बांधतो, तसंच. ही रीत १९५१ सालची, एव्हलिन फिक्स आणि जोसेफ हॉजेस या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली. ‘म्हणजे माझ्या आजोबांच्या वयाचं एआय!’ असं गुऱ्हाळवाल्यांच्या घरचा मुलगा म्हणाला.

उनोची स्मृती २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. एका खड्याला तीन आकड्यांचे सहा बाइट आणि चिठ्ठीचा एक, असे सात. साठ खड्यांचे ४२०. फोनवरचा एक फोटो त्यात मावणार नाही, पण साठ खडे आरामात मावतात. हा हिशेब मुलांनीच केला.

सगळं शिकवून झालं आणि लाइट गेली. बोर्ड लॅपटॉपवर होता, लॅपटॉपची बॅटरी मेलेली. परत आली तेव्हा यंत्र कोरं. साठच्या साठ खडे गेले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वेळी ईईप्रॉममध्ये साठवायचं, तिथं १ केबी जागा आहे आणि वीज गेली तरी पुसत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

चौथ्या गटाचं यंत्र कुळकुळीत काळ्या खड्याला ‘चांगला’ म्हणायला लागलं. पुन्हा पुन्हा. सेन्सर बदलला, पाइप बदलला, खडा बदलला. तरी तेच.

मी त्यांना म्हटलं, यंत्र जे करतं ते तुम्ही हातानं करा. त्यांनी केलं. शिकवलेल्या एका पिवळ्या खड्याचा लाल आकडा ९२, समोरच्या काळ्याचा २९८. फरक २०६. अंतर काढताना यंत्र फरकाचा वर्ग करतं, तो ४२,४३६. मग यंत्रानं काय काढलं ते स्क्रीनवर छापलं: उणे २३,१००.

वर्ग कधी उणा येतो का? सातवीत शिकवलेलं आहे, येत नाही. पण या बोर्डावर साधी पूर्णांक संख्या ३२,७६७ पर्यंतच जाते. त्यापुढं गेली की चक्र फिरून उण्यात जाते. ४२,४३६ वजा ६५,५३६ करून बघा, बरोबर उणे २३,१००. अंतर उणं, म्हणजे यंत्राच्या लेखी तो सगळ्यांत जवळचा. जितका लांब तितका जवळचा झाला होता. प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला, ‘इंट’च्या जागी ‘लाँग’ (मोठी संख्या मावणारा प्रकार), आणि काळा खडा काळ्यांत गेला.

या गटानं कागदावर गणित केलं नसतं तर आम्ही अजून सेन्सरच बदलत बसलो असतो. यंत्र चुकलं की गणित काढून बघायचं, हे मी या वर्गाला आजवर शब्दांत शिकवू शकले नव्हते.

२३ डिसेंबर, मंगळवार

पहिल्या गटानं जाहीर केलं, साठपैकी एकोणसाठ बरोबर. नाचायला लागले. मी विचारलं, कुठल्या साठ? शिकवले तेच. वर्गातूनच आवाज आला, ‘ह्यो तर पेपर फुटला की!’

मग खड्यांचे दोन डबे केले. एक अभ्यासाचा, एक परीक्षेचा. परीक्षेच्या डब्यातला खडा यंत्राला आधी दाखवायचा नाही. चोवीस खड्यांची परीक्षा घेतली, सतरा बरोबर. नाच थांबला, पण आता कुठले सात चुकले ते सगळे वाकून बघत होते. सातपैकी पाच ‘मध्यम’मधले.

३० डिसेंबर, मंगळवार

मुंग्या. दोन डबे संपले. झाकणाच्या काचेच्या बरण्या आणल्या.

६ जानेवारी, मंगळवार

गुऱ्हाळवाल्यांच्या घरच्या त्या मुलाचे आजोबा आले. आयुष्यभर गुळव्या म्हणून काम केलेले. काहिलीतला रस उकळताना बुडबुडा कसा फुटतो यावरून पाक ओळखणारे. मुलांनी खुर्ची दिली, चहा दिला, यंत्र समोर ठेवलं.

त्यांनी यंत्र नीट बघितलं, पाइपमध्ये डोकावले. मग बटणावरची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, ‘चांगला कोण म्हणालं?’

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. ‘पिवळा म्हणून चांगला, आजोबा.’

त्यांनी ‘चांगला’ वाटीतला एक खडा उचलला, मोडला, कणी बोटांवर चोळून बघितली, जिभेवर ठेवला. बाजूला ठेवून दिला. मग ‘हलका’ वाटीतला एक. तो खाल्ला. ‘बाई, रंगावर जाऊ नका. रंग आणता येतोय.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. काहिलीत हायड्रॉस पावडर टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो. रसातली मळी भेंडीच्या चिकट पाण्यानं नीट काढली तर पावडर लागत नाही, पण मग गूळ तांबूस, थोडा काळपट उतरतो. जमीन खारी असली, ऊस जुना असला तरी रंग पालटतो. वर्षानुवर्षं सौद्यात पिवळ्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, जादा भाव, म्हणून पावडर. ते हे रागानं सांगत नव्हते. एखादी गोष्ट सांगावी तसं सांगत होते. मुलं हलली नाहीत.

‘तुमचं मशिन चुकीचं न्हाई,’ जाताना म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं तसंच ते सांगतंय.’

ते गेल्यावर वर्ग सोडायला जमेना. एक मुलगी म्हणाली, आपण साठ वेळा बटण दाबलं, एकदाही गूळ खाल्ला नाही. दुसरा म्हणाला, मग परीक्षेच्या डब्यातले सतरा ‘बरोबर’ होते, ते कुणाच्या हिशेबानं? उत्तर मी दिलं नाही. मला स्वतःला आजची रात्र लागणार आहे. चोवीसपैकी सतरा हा आकडा मी अभिमानानं मुख्याध्यापकांना सांगितला होता.

याच प्रकारची यंत्रं उद्या अर्ज निवडतील, कर्ज कुणाला द्यायचं ते सुचवतील. तिथल्या बटणांवरच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, हे विचारणारं कुणीतरी आपल्या गावातून निघायला हवं असं मला मनापासून वाटतं. या ३४ जणांत ते आहेत, हे आज दिसलं.

१० जानेवारी, शनिवार

चिठ्ठ्या बदलल्या. दोन तास वाद झाला. एका गटाला ‘पावडरीचा / बिनपावडरीचा’ हवं होतं. पण ते रंगावरून कळत नाही हे आजोबांनी सांगितलंच होतं, मग यंत्राला ते कसं शिकवणार? शेवटी साधं ठरलं: पिवळा, तांबूस, काळपट. आणि यंत्राच्या पुढं मोठ्या अक्षरांत पाटी: ‘हे यंत्र फक्त रंग सांगते.’

सगळे खडे नव्यानं शिकवले. आता प्रत्येक खड्याची वहीत नोंद: कुठल्या गुऱ्हाळाचा, कधी आणला, चिठ्ठी कुणी लावली. एकाच खड्याला दोघांनी एकमेकांचं न बघता चिठ्ठी लावायची, हीही मुलांचीच सूचना. साठपैकी नऊ खड्यांवर दोघांचं जुळलं नाही, बहुतेक तांबूस आणि काळपटच्या सीमेवरचे. डिसेंबरच्या परीक्षेत यंत्र ‘मध्यम’मध्ये का चुकत होतं, ते आता कळलं. तिथं आमचंच एकमत नव्हतं.

नवीन परीक्षा: चोवीसपैकी एकवीस.

२४ जानेवारी, शनिवार

दोन आठवडे सहामाही पेपरांच्या पुरवण्या, स्पर्धा, सरावात गेले. आज बरण्या उघडल्या. जे खडे १० तारखेला ‘तांबूस’ म्हणून बरोबर ओळखले गेले होते, त्यातल्या चारांना यंत्र ‘काळपट’ म्हणतंय. सेन्सर तपासला, तीच पांढऱ्या खडूची खूण, आकडा तोच. म्हणजे यंत्र बदललं नाही, गूळ बदलला. गूळ हवेतलं पाणी ओढतो, ओलसर होतो, रंग गडद होत जातो. शिकवलेलं जानेवारीच्या सुरुवातीचं, दाखवतोय महिनाअखेरीचा.

वहीत तारखा लिहिलेल्या होत्या म्हणून हे पाच मिनिटांत सापडलं.

३१ जानेवारी, शनिवार

विज्ञान प्रदर्शन. आमच्या टेबलावर काडेपेट्या एका बाजूला, गुळाचं यंत्र दुसऱ्या बाजूला. उद्यमनगरचे ते पालकही आले होते. एका पाहुण्यांनी विचारलं, ‘कुठला गूळ घ्यावा मग, सांगा तुमच्या रोबोटला विचारून.’ कुंभार गल्लीतल्या मुलीनं पाटीकडं बोट केलं आणि बरणीतला खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांना खायला लावला.

काडेपेट्यांपुढं दिवसभर रांग होती. त्या एकही डाव हरल्या नाहीत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राहिलेली कामं. पुढच्या वर्षी सातवीतून येणाऱ्या वर्गासाठी संच पुसून, मोजून ठेवायचे, दोन मोटारींचे गिअर घासलेत. खड्यांची वही कपाटात, बरण्यांच्या शेजारी. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथं मुलांना घेऊन जायची परवानगी मागायची. हायड्रॉस कसं तपासतात हे त्यांना प्रत्यक्ष बघायचंय, अर्ज मुलांनीच लिहिलाय. सात नंबरच्या बरणीतले खडे पाझरलेत. आजोबांकडं निरोप दिलाय, शनिवारी नवीन आणतो म्हणालेत.